मैदान हलवताना आधी शेजार हलवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका स्थानिक फुटबॉल क्लबाचं मैदान ५० हून अधिक वर्षांचं आहे आणि घरच्या सामन्याला सरासरी १५०० माणसं येतात. आता पालिकेने बांधलेलं ५००० आसनांचं स्टेडियम क्लबाला भाड्याने मिळतंय आणि जुनी जागा विकायची बोलणी चालू आहेत. क्लबाचे चिटणीस विचारतात, की हलण्याआधीच्या वर्षभरात कशाकशावर लक्ष ठेवायचं? आणि जुने समर्थक नाराज आहेत, त्यांचं काय करायचं?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. समर्थकांची नाराजी हा हलण्याच्या कामातला शेवटी सावरायचा भाग आहे असं बहुतेक समित्या धरून चालतात. माझ्या मते सगळं नियोजन तिथूनच सुरू व्हायला हवं.

सामन्याच्या दिवसाची व्यवस्था बघणं हे माझं २२ वर्षांचं काम. त्यात दोन क्लबांचं स्थलांतर मी आतून पाहिलं. पहिल्या वेळी आम्ही सगळं मोजूनमापून नेलं. गोलपोस्ट, जाळ्या, ट्रॉफ्यांचं कपाट, जुन्या कर्णधारांचे फोटो, रोलरसुद्धा. माणसं मात्र येतीलच असं गृहीत धरलं. नव्या स्टेडियमची सीझन तिकिटं जो आधी पैसे भरेल त्याला आधी, अशी विकली. पहिल्या सामन्याला पाय ठेवायला जागा नव्हती आणि समिती खूश होती. पाचव्या-सहाव्या सामन्यापासून काही चेहरे दिसेनासे झाले. त्यातले एक आजोबा जुन्या मैदानात कॉर्नरच्या झेंड्यामागच्या कठड्याला टेकून २० वर्षं उभे असायचे. मी त्यांना फोन केला. स्टेडियमबद्दल त्यांची एकही तक्रार नव्हती. छप्पर चांगलं आहे, खुर्ची चांगली आहे म्हणाले. मग म्हणाले, "पण गोल झाला की मी कोणाकडे बघू?" कठड्यापाशी त्यांच्यासोबत आणखी चौघं असायचे. आमच्या तिकीटविक्रीने त्या पाच जणांना तीन वेगवेगळ्या स्टँडमध्ये पांगवलं होतं, आणि ते आमच्या लक्षातही आलं नव्हतं.

स्थानिक क्लबाला येणारा माणूस फक्त खेळासाठी येत नाही. त्याहून चांगला खेळ त्याला घरी टीव्हीवर दिसतो. तो येतो त्याच्या जागेसाठी आणि त्या जागेच्या शेजाऱ्यांसाठी. मैदान हलवणं म्हणजे हे शेकडो छोटे शेजार न मोडता उचलून दुसरीकडे मांडणं. हे जमलं तर बाकीच्या चुका लोक पोटात घालतात. हे मोडलं तर छप्पर आणि खुर्च्या कितीही चांगल्या असोत, दुसऱ्या मोसमात तिकीट खिडकीवर त्याचा हिशेब दिसतोच.

दुसऱ्या क्लबाच्या वेळी आम्ही शहाणे झालो होतो. हलण्याआधीचे तीन घरचे सामने ठरवले आणि स्वयंसेवक वह्या घेऊन प्रत्येक स्टँडमध्ये, प्रत्येक कठड्यापाशी फिरले. प्रश्न दोनच होते: तुम्ही नेहमी इथेच असता का, आणि तुमच्या आजूबाजूला कोण असतं? अर्ज किंवा फोनवरची लिंक नको. बरेच जण शेजाऱ्याला फक्त चेहऱ्याने ओळखतात, नाव माहीत नसतं. ते नाव तिथे उभं राहूनच कळतं. या वह्यांतून गट तयार झाले, कुठे दोघांचा तर कुठे १२ जणांचा. मग नव्या आराखड्यावर आधी गटांना जागा दिल्या आणि सुट्या तिकिटांची विक्री त्यानंतर उघडली. प्रत्येक गटाच्या बाजूला दोन-तीन खुर्च्या मुद्दाम मोकळ्या ठेवल्या, पुढेमागे कोणी भाच्याला किंवा ऑफिसातल्या मित्राला घेऊन आलं तर बसवायला. नवे प्रेक्षक असेच मिळतात. जाहिरातीने आलेला माणूस एकदा येतो, शेजारी बसवलेला पुन्हा येतो.

या वहीत आणखी काही गोष्टी टिपून घ्या, ज्या आराखड्यावर दिसत नाहीत. दुपारच्या सामन्यात ऊन कोणाच्या डोळ्यांवर येत होतं आणि कोणाच्या पाठीवर? नव्या मैदानाची दिशा वेगळी असेल तर 'आमची बाजू' म्हणून पश्चिमेला बसणारे उगाच तळपत्या बाजूला जातील. तुमचा संघ उत्तरार्धात कोणत्या गोलकडे आक्रमण करणं पसंत करतो? घोषणा देणारी मंडळी त्याच गोलमागे हवीत. उभं राहून सामना बघणारे कोण आहेत? त्यांना बसणाऱ्यांच्या पुढे टाकलंत तर पहिल्याच दिवशी भांडण. लंडनच्या वेस्ट हॅम क्लबाने २०१६ मध्ये अप्टन पार्क सोडून ऑलिंपिकसाठी बांधलेल्या स्टेडियमची वाट धरली. सुरुवातीच्या सामन्यांत प्रेक्षकांमध्येच धक्काबुक्की झाली, त्यात उभे राहणारे आणि बसणारे एकमेकांत मिसळले हे एक मोठं कारण होतं. चाकाच्या खुर्चीवरच्या प्रेक्षकांची जागा इतकी उंच हवी की पुढचे लोक उठले तरी त्यांना चेंडू दिसावा, आणि सोबतच्या माणसाची खुर्ची त्यांच्या बाजूलाच हवी, मागे नको. म्हाताऱ्या प्रेक्षकांसाठी मैदानाच्या जवळची जागा नको, स्वच्छतागृहाजवळची आणि कमी पायऱ्यांची बघा. त्यांना विचारलंत तर ते स्वतः हेच सांगतील.

आता आकाराकडे येतो, कारण तुमचे आकडे वाचून मला काळजी वाटली ती इथे. १५०० माणसं ५००० खुर्च्यांत पसरली तर तीनपैकी दोन खुर्च्या रिकाम्या. इंग्लंडमधल्या डार्लिंग्टन क्लबाचं उदाहरण या क्षेत्रातल्या प्रत्येकाला पाठ असतं. काही हजारांची गर्दी असलेला हा क्लब २००३ मध्ये फीदम्स हे जुनं मैदान सोडून २५,००० आसनांच्या स्टेडियममध्ये गेला. पहिल्या सामन्याला ११,६०० लोक आले. तेवढी गर्दी तिथे पुन्हा कधी टिकली नाही. त्याच मोसमात क्लब दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली गेला, म्हणजे कर्जापायी कारभार बाहेरच्या प्रशासकाच्या हाती गेला; २००९ मध्ये पुन्हा, २०१२ मध्ये तिसऱ्यांदा, आणि त्या वर्षी त्यांनी ते स्टेडियम सोडलं. पैशाची इतर कारणंही होती, पण एवढ्या मोठ्या वास्तूचा रोजचा खर्च छोट्या क्लबाला कसा खातो ते यातून कळतं.

उलट उदाहरण तुरिनच्या युव्हेंटसचं. १९९० च्या विश्वचषकासाठी बांधलेलं देले आल्पी स्टेडियम सुमारे ६९,००० चं होतं आणि मैदानाभोवती धावपट्टी होती. प्रेक्षक खेळापासून लांब, स्टँड अर्धे रिकामे. एवढा मोठा क्लब, पण त्यांनी ते पाडून त्याच जागी ४१,००० आसनांचं, धावपट्टी नसलेलं स्टेडियम बांधलं आणि २०११ मध्ये तिथे पाऊल टाकलं. त्या पहिल्याच मोसमात ते लीगमध्ये एकही सामना न हरता विजेते झाले. विजय स्टेडियममुळेच मिळाला असं मी म्हणणार नाही, संघ आणि प्रशिक्षकही नवे होते. पण भरलेलं लहान स्टेडियम रिकाम्या मोठ्या स्टेडियमपेक्षा घराच्या जास्त जवळचं असतं, हे त्यांच्या वास्तुविशारदांना नेमकं कळलं होतं.

तुमचं स्टेडियम तर बांधून तयार आहे. म्हणून पहिल्या मोसमात ते सगळं उघडूच नका. एक लांबीकडचा स्टँड आणि एका गोलमागचा स्टँड, एवढेच घरच्या प्रेक्षकांसाठी. पाहुण्या समर्थकांना समोरच्या स्टँडचं एक टोक, आत-बाहेर जायला स्वतंत्र दार. बाकीचं बंद. समितीतले काही जण म्हणतील, "लोकांना हवं तिथे बसू द्या, जागा आहे ना." हे ऐकू नका. पांगलेल्या १५०० जणांचा आवाज त्यांच्याच कानापर्यंत पोचत नाही. तेच लोक छपराखाली एकत्र बसवले तर आवाज छतावर आपटून मैदानात उतरतो. खेळाडूंना हा फरक पहिल्या पाच मिनिटांत जाणवतो. शिवाय स्टँड बंद ठेवला की तिथले मार्शल, सफाई, दिवे, सगळा खर्च वाचतो. पुढे दोन स्टँड ओसंडायला लागले की तिसरा उघडा, आणि तो दिवस साजरा करा.

एक चौकशी लगेच करा: मैदानाभोवती धावपट्टी आहे का? पालिकेचं स्टेडियम म्हटलं की बहुतेकदा असते. असेल तर गोलमागचे प्रेक्षक खेळापासून फार लांब पडतात. बार्सिलोनाच्या एस्पान्योल क्लबाने कर्जापायी १९९७ मध्ये सारिया हे आपलं मैदान विकलं आणि १२ वर्षं ऑलिंपिक स्टेडियममध्ये धावपट्टीपलीकडून सामने दाखवले. २००९ मध्ये स्वतःचं फुटबॉलचं स्टेडियम झालं तेव्हा कुठे सुटका झाली. धावपट्टी असेल तर तुमचे घोषणा देणारे गोलमागे बसवू नका, लांबीकडच्या स्टँडच्या मधोमध आणा. तिथे अंतर सगळ्यात कमी असतं.

खुर्चीवरून काय दिसतं तेही स्वतः बसून बघा. आराखड्यावर 'दृष्टिरेषा' नावाचा आकडा असतो: पुढच्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीपेक्षा तुमची नजर किती मिलिमीटर वरून जाते. १२० असेल तर उत्तम, ९० चांगलं, ६० च्या खाली गेलं तर माणूस सामना मान वाकडी करून बघतो. हा आकडा मागून घ्या. नाही मिळाला तर एक माणूस पुढच्या रांगेत बसवा, तुम्ही मागे बसा, आणि तिसऱ्याला जवळच्या टचलाइनवर, म्हणजे मैदानाच्या लांबीच्या रेषेवर, चेंडू ठेवायला सांगा. चेंडू दिसला नाही तर त्या रांगा कमी दरात विका आणि तिकिटावर तसं स्पष्ट छापा. लोक कमी दिसणारी जागा चालवून घेतात, फसवणूक नाही.

आता करार. तुमच्या पत्रात याबद्दल एकच ओळ आहे आणि मला ती सगळ्यात जास्त खटकली. भाड्याच्या स्टेडियममध्ये क्लब पाहुणा असतो, आणि पाहुण्याचे हक्क लिहून घ्यावे लागतात. इंग्लंडमधला कॉव्हेंट्री सिटी क्लब १०६ वर्षं हायफील्ड रोड या मैदानावर खेळला. २००५ मध्ये तो मोठ्या नव्या स्टेडियममध्ये गेला, पण ते त्याच्या मालकीचं नव्हतं. भाड्यावरून वाद पेटला आणि २०१३-१४ च्या मोसमात या क्लबाला 'घरचे' सामने दुसऱ्या शहरात, नॉर्थॅम्प्टनला खेळावे लागले. पुढे २०१९ पासून दोन मोसम पुन्हा तीच पाळी आली, तेव्हा बर्मिंगहॅमला. सामन्याच्या दिवशी आपल्या शहरातलं स्टेडियम कुलूपबंद आणि संघ परगावी, ही वेळ कोणत्याही समर्थकावर येऊ नये.

म्हणून मसुदा वाचताना भाड्याच्या रकमेआधी तारखा बघा. लीगचं वेळापत्रक आलं की तुमच्या सामन्यांना पहिला हक्क आहे, की त्या दिवशी संगीताचा कार्यक्रम ठरला असेल तर तुम्ही बाहेर? 'उपलब्धतेनुसार' हा शब्द दिसला की तिथे थांबा आणि तो काढून घ्या. सामन्याआधी किती तास ताबा मिळणार? चार तासांपेक्षा कमी चालत नाही. संघाला आठवड्यातून किमान एकदा मुख्य मैदानावर सराव मिळणार का? गवताची देखभाल कोण करणार, आणि मोठ्या कार्यक्रमानंतर गवत खराब झालं तर दुरुस्ती कोणाच्या खर्चाने आणि किती दिवसांत? फ्लडलाइटचं बिल वेगळं आहे का? खाण्यापिण्याच्या स्टॉलची, पार्किंगची आणि जाहिरात फलकांची मिळकत कोणाची? छोट्या क्लबांचं वर्ष बऱ्याचदा याच मिळकतीवर निघतं. जुन्या मैदानात चहाची खिडकी तुमची होती. नव्या ठिकाणी ती ठेकेदाराची झाली, तर तिकिटातून वाढलेलं उत्पन्न तिथेच गळून जाईल. माझ्या पहिल्या क्लबाचं नेमकं हेच झालं होतं. गर्दी वाढली आणि तरी वर्षअखेरीस तूट आली. भाडं ठोक ठेवण्यापेक्षा थोडी ठरावीक रक्कम आणि वर तिकीट उत्पन्नाचा हिस्सा, अशी मागणी करा. मग स्टेडियम भरावं असं मालकालाही वाटेल. आणि छोटीशी वाटणारी बाब: क्लबासाठी कायमची एक खोली, स्वतःच्या कुलपाची. तिथे ट्रॉफ्या राहतील, जर्सी वाळतील, कार्यकर्ते चहा पितील. ती नसेल तर क्लबाचं नाव स्टेडियमच्या भिंतीवर असेल, पण क्लब तिथे नसेल.

जुनी जागा विकण्याबाबत माझं मत ठाम आहे. नव्या स्टेडियमचा वापर परवाना, सुरक्षा प्रमाणपत्र आणि सही झालेला करार हातात येईपर्यंत जुन्या जागेचा ताबा देऊ नका. इंग्लंडमधल्या ब्रायटन क्लबाचं गोल्डस्टोन मैदान विकलं गेलं तेव्हा पुढची जागा तयार नव्हती. एप्रिल १९९७ मध्ये तिथे शेवटचा सामना झाला. मग दोन मोसम दूरच्या गिलिंगहॅममध्ये, मग १२ वर्षं विदडीन या ॲथलेटिक्सच्या तात्पुरत्या मैदानात, आणि २०११ मध्ये कुठे पक्कं घर मिळालं. ब्युनॉस आयर्सच्या सान लोरेन्सो क्लबाची कथा त्याहून कडू आहे. त्यांचं जुनं मैदान डिसेंबर १९७९ मध्ये बंद झालं आणि तिथे पुढे सुपरमार्केट उभं राहिलं. क्लबाला नवं स्टेडियम १९९३ मध्ये मिळालं, पण दुसऱ्या भागात. समर्थकांनी बोएडो या आपल्या वस्तीत परतण्यासाठी आंदोलन धरून ठेवलं. २०१२ मध्ये शहराच्या विधिमंडळाने त्यासाठी कायदा केला आणि २०१९ मध्ये ती जमीन पुन्हा क्लबाच्या हाती आली. गेलेली जागा परत मिळवायला ४० वर्षं लागली.

जमलं तर जागा पूर्ण विकूच नका. लिव्हरपूलचा एव्हर्टन क्लब १८९२ पासून गुडिसन पार्कवर होता. २०२५ मध्ये पुरुष संघ गोदीवरच्या नव्या स्टेडियममध्ये गेला, आणि गुडिसन पाडायची आधीची योजना बाजूला ठेवून ते महिला संघाचं घर केलं. मला हा निर्णय फार आवडला. तुमच्याकडे मुलांची अकादमी किंवा महिला संघ असेल तर जागेचा एक तुकडा तरी त्यांच्यासाठी राखायची बोलणी करा.

चाचणी सामन्यांशिवाय उद्घाटन करायचं नाही. एव्हर्टनने आधी १८ वर्षांखालील संघाचा सामना १०,००० लोकांपुढे खेळवला, मग २१ वर्षांखालच्यांचा सुमारे २५,००० लोकांपुढे, मग पूर्ण क्षमतेचा मित्रत्वाचा सामना. लंडनच्या टॉटनहॅम क्लबाच्या नव्या स्टेडियमचं उद्घाटन तर सुरक्षा यंत्रणेतल्या वायरिंगच्या दोषांमुळे सप्टेंबर २०१८ वरून एप्रिल २०१९ वर गेलं. तिथेही आधी दोन चाचणी सामने झाले. तुम्ही आधी ३०० लोक, मग ८०० लोक बोलवा, फुकट. दारं, स्वच्छतागृहं, ध्वनिक्षेपक, रुग्णवाहिकेचा रस्ता, सगळं त्यांच्यावर आजमावा. दुसऱ्या चाचणीत मध्यंतरानंतर लोकांना न सांगता बाहेर काढायचा सराव करा आणि घड्याळ लावा.

दारांचं गणित स्वतः करा, ठेकेदारावर सोडू नका. ब्रिटनमध्ये वापरले जाणारे आकडे ढोबळमानाने असे: सपाट वाटेवरून एका मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसं जातात, पायऱ्यांवरून ६६, आणि बाहेर पडायला जास्तीत जास्त ८ मिनिटं. १.२ मीटर रुंदीच्या सपाट दारातून ८ मिनिटांत ७८७ माणसं निघतात. ५००० लोकांना अशी सात दारं लागतील, पायऱ्या असतील तर आठ. आत येताना एका टर्नस्टाइलमधून, म्हणजे एकेकाला आत सोडणाऱ्या फिरत्या दारातून, तासाला फार तर ६६० धरायचे. पण स्थानिक सामन्याला निम्मे लोक शेवटच्या २० मिनिटांत येतात, हे त्या हिशेबात बसत नाही. १५०० जणांसाठी तीन टर्नस्टाइल कागदावर पुरतात, प्रत्यक्षात शेवटच्या २० मिनिटांत रांग रस्त्यावर जाते. पाच उघडा. आणि लक्षात ठेवा, एक दार जरी कुलूपबंद राहिलं तरी सगळं गणित कोसळतं. प्रत्येक बाहेरच्या दारावर सामना सुरू होण्याआधीपासून संपेपर्यंत एक माणूस, किल्ली त्याच्या खिशात.

येण्याजाण्याचा विचार तिकिटाबरोबरच करा. जुनं मैदान वस्तीत असतं, लोक चालत येतात. नवं स्टेडियम बहुधा शहराच्या कडेला. ब्रायटनने नव्या स्टेडियमसाठी ठरावीक क्षेत्रातला बस-रेल्वेचा प्रवास सामन्याच्या तिकिटातच धरला, आणि लोकांना गाडी घरी ठेवायची सवय लागली. तुमच्या आकाराला जुन्या मैदानापासून सुटणाऱ्या दोन-तीन बस पुरतील. त्या जुन्या फाटकापासूनच सोडा. आपले लोक त्याच कोपऱ्यावर जमतील, गप्पा मारत बसमध्ये चढतील. शेजार वाटेतही टिकतो.

खेळाच्या बाजूने दोन गोष्टी. पहिली, मैदानाची मापं. नियमाप्रमाणे लांबी ९० ते १२० मीटर आणि रुंदी ४५ ते ९० मीटर चालते, त्यामुळे जुनी मैदानं एकसारखी नसतात. नव्या स्टेडियममध्ये हमखास १०५ बाय ६८. तुमचं जुनं मैदान ९८ बाय ६२ असेल असं धरा. मग क्षेत्रफळ ६०७६ वरून ७१४० चौरस मीटरवर जातं, म्हणजे साडेसतरा टक्के जास्त जागा सांभाळायची. लांब थ्रो-इन (बाजूच्या रेषेवरून हातांनी चेंडू आत फेकणं) आणि दाटीवाटीच्या बचावावर उभा असलेला संघ इथे उघडा पडतो. लंडनच्या आर्सेनललाही २००६ मध्ये हायबरी या जुन्या आखूड मैदानावरून १०५ मीटरच्या मैदानावर जाताना हा बदल करावा लागला. प्रशिक्षकाला आत्ताच मापं द्या आणि सरावाच्या मैदानावर नवी मापं चुन्याने आखून घ्या.

दुसरी, गवत. हे माझं खास प्रेमाचं खातं आहे. नवं मैदान वाळूच्या थरावर असतं: वर साधारण ३० सेंटिमीटर वाळूचा मुळांचा थर, खाली खडी, त्याखाली निचऱ्याचे पाइप. पाणी झपाट्याने जातं, पण खतही त्याबरोबर जातं. मातीच्या मैदानावर आयुष्य घालवलेल्या माळ्याला हे मैदान सतत उपाशी वाटतं, आणि ते असतंच. त्याला थोडं थोडं पण वारंवार खाऊ घालावं लागतं. उंच स्टँडच्या सावलीत आणि वारा न फिरणाऱ्या कोपऱ्यांत गवत आधी पातळ होतं, मग बुरशी येते. नव्याने अंथरलेल्या गवताची मुळं नीट धरायला दोन-तीन महिने द्या. उद्घाटनाची तारीख पाहुण्यांच्या सोयीने ठरते आणि गवताला तीन आठवडे मिळतात, हे मी पाहिलंय. पहिल्या मोठ्या सामन्यात हिरवे तुकडे बुटांखाली उलटत होते. तुमचा जुना माळी, ज्याला सगळे नावाने हाक मारतात, त्याला नव्या मैदानाचं काम सुरू असतानाच तिथे पाठवा. पाइप कुठून गेलेत हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असू द्या.

निकालांबद्दल आधीच सांगून ठेवतो. उत्तर अमेरिकेत बेसबॉल, बास्केटबॉल आणि आइस हॉकीच्या ३७ संघांचा अभ्यास झाला होता. नव्या स्टेडियममध्ये गेल्यावर पहिल्या मोसमात घरच्या मैदानाचा फायदा सुमारे एक चतुर्थांश घटला. फुटबॉलमध्येही असं दिसतं. इंग्लंडमधला साउथॅम्प्टन क्लब २००१ मध्ये १५,००० क्षमतेच्या डेल मैदानावरून ३२,००० च्या सेंट मेरीज स्टेडियमला गेला, गर्दी दुप्पट झाली, पण लीगमधला पहिला घरचा विजय नोव्हेंबरच्या अखेरीस मिळाला. खेळाडूंच्या नजरेतल्या खुणा बदललेल्या असतात. पूर्वी गोलमागचं झाड किंवा फलक बघून क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर चेंडू, टाकणारा विंगर काही महिने अंदाज चुकतो. यावर औषध सरावाचंच, म्हणून वर करारात आठवड्याचा एक सराव मागायला सांगितलं. आणि डिसेंबरमध्ये प्रशिक्षकाला काढायची घाई करू नका.

शेवटच्या सामन्याचं नियोजन भावनेपोटी ढिलं होतं, त्याला नीट माणूस नेमा. लोक खुर्च्या, पाट्या, गवताचे तुकडे घेऊन जायला बघतात. ते आधीच नंबर टाकून नाममात्र किमतीला किंवा फुकट वाटून टाका, म्हणजे शिटी वाजल्यावर कोणी छपरावर चढणार नाही. काही घरांनी आपल्या माणसाची रक्षा त्या मैदानात विसर्जित केलेली असते. क्लबाला ते बऱ्याचदा ठाऊकही नसतं. जागा विकण्याआधी या घरांना बोलवा, एकेकाला वेळ द्या, त्या जागेची माती काढून नव्या ठिकाणी एका कोपऱ्यात नेता येते. वह्या घेऊन फिरताना हाही प्रश्न हळूच विचारा. तेव्हा लोक सांगतात, नंतर सांगत नाहीत.

बर्लिनच्या युनियन क्लबाचं एक उदाहरण तुमच्या नाराज समर्थकांसाठी ठेवलं होतं. त्यांचा क्लब हलला नाही, त्यांनी आपलं जुनंच स्टेडियम नवं केलं, पण पैसे नव्हते. २००८-०९ मध्ये २००० हून जास्त समर्थकांनी स्वतः काम केलं, मिळून सुमारे १,४०,००० तास. तुमच्याकडे बांधायचं फारसं उरलेलं नाही. पण खोली रंगवायची आहे, जुना कठडा कापून नव्या कॉर्नरपाशी बसवायचा आहे, फोटो टांगायचे आहेत, लोकांना बसमध्ये कोणी चढवायचं हे ठरवायचं आहे. ज्यांनी सभेत सगळ्यात जास्त आरडाओरडा केला त्यांना ही कामं आधी द्या. ते ओरडतात कारण त्यांचं त्या जागेवर प्रेम आहे.

क्रम विचाराल तर वह्या पुढच्याच घरच्या सामन्याला बाहेर काढा, करारावरचे मुद्दे या महिन्यात वकिलाकडे द्या, माळ्याला पुढच्या आठवड्यात पाठवा. कराराच्या मसुद्यातला तारखांचा आणि देखभालीचा भाग, आणि आसनांचा आराखडा मला पाठवलात तर कोणते दोन स्टँड उघडायचे आणि कोणती कलमं बदलून घ्यायची, ते मी नेमकं लिहून कळवीन. आराखड्यावर उत्तर दिशेची खूण हवी, ती बहुतेक जण विसरतात.